एकाच रुळावरची रोलर कोस्टर पडत कशी नाही?

अमेरिकेतल्या एका रोलर कोस्टरचा व्हिडिओ अधूनमधून फोनवर येऊन थडकतो. नारिंगी रंगाची एक चिंचोळी पोलादी पट्टी हवेत वेडीवाकडी वळणे घेत गेलेली, आणि तिच्यावर एकामागे एक बसलेली आठ माणसे. गाडी शंभरेक फूट चढते, टोकाशी जरा रेंगाळते आणि थेट काटकोनात खाली कोसळते. पुढे तीनदा उलटी होऊन, दोन-चार उंचवट्यांवरून उडाल्यासारखी जाऊन स्टेशनात परत. बघणाऱ्याच्या मनात भीतीच्याही आधी शंका येते: दुसरा रूळ कुठे गेला?

तो नाहीच. ही कोस्टर म्हणजे कॅलिफोर्नियात सांता क्लारा इथल्या 'कॅलिफोर्नियाज ग्रेट अमेरिका' या पार्कमधली 'रेलब्लेझर'. ती २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्या आधी थोडेच दिवस टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत, 'सिक्स फ्लॅग्ज फिएस्टा टेक्सास' पार्कात, 'वंडर वुमन गोल्डन लासो' नावाची तिची जुळी बहीण धावू लागली होती. दोघी आयडाहो राज्यातल्या हेडन गावच्या 'रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन' या कंपनीने बांधल्या. कंपनीने या एकेरी रुळाला 'रॅप्टर' असे नाव दिले आहे. २०२१ मध्ये न्यू जर्सीत 'जर्सी डेव्हिल' आली, २०२२ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या 'सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन'मध्ये 'वंडर वुमन फ्लाइट ऑफ करेज' आली. ही शेवटची १३१ फूट उंच आणि ३,३०० फूट, म्हणजे सुमारे एक किलोमीटर लांब आहे.

एक रूळ काढून टाकला तो लोकांना घाबरवण्यासाठी, असे वाटणे साहजिक आहे. घाबरायला होते हे खरेच, पण खरे कारण वेगळे आहे. त्यासाठी आधी नेहमीची कोस्टर चालते कशी ते बघू.

दोन रूळ असले तरी गाडी नुसती 'ठेवलेली' नसते

आगगाडी रुळांवर स्वतःच्या वजनाने टिकते. तिला कोणी उलटे करत नाही, त्यामुळे तेवढे पुरते. रोलर कोस्टरला ते परवडत नाही, म्हणून तिची चाके तीन दिशांनी रुळाला धरतात. वरची चाके वजन पेलतात, बाजूची चाके वळणावर गाडी घसरू देत नाहीत, आणि रुळाच्या खालच्या अंगाला लागलेली चाके गाडीला वर उचलली जाऊ देत नाहीत.

या खालच्या चाकांचे पेटंट अमेरिकन डिझायनर जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये घेतले. त्यानंतर कोस्टर बेधडक झाल्या, कारण गाडी उंचवट्यावरून उडून जाईल ही भीतीच संपली. पुढची मोठी पायरी १९५९ ची, कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधली 'मॅटरहॉर्न बॉबस्लेड्स'. तिथे लाकडी सांगाड्यावरच्या पट्ट्यांऐवजी पोलादी नळ्यांचे रूळ आले. नळी कशीही वाकवता येते, त्यामुळे गिरक्या आणि उलटी वळणे सोपी झाली. आजच्या बहुतेक पोलादी कोस्टर याच पद्धतीच्या: दोन नळ्या आणि त्यांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेला खालचा जाड कणा. खोपोलीजवळच्या इमॅजिकामधली 'नायट्रो' ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच डोळ्यांसमोर येईल. तिथे एका रांगेत चार जण बसतात, आणि रुळाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या हवेत असतात.

म्हणजे गाडी रुळावर टिकते ती चाकांच्या पकडीमुळे. रूळ दोन आहेत म्हणून नव्हे.

मग एकेरी रुळावर तोल सांभाळावा लागतो का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो.

तोल सांभाळावा लागणारी एकेरी रेल्वे आपल्या देशात खरोखर होती. पतियाळा संस्थानात १९०७ ते १९२७ या काळात एका रुळावर चालणारी ट्रेन धावत असे. सुरुवातीला तिला खेचरे जुंपलेली असत. बहुतेक सगळे वजन एका रुळावर, आणि कलंडू नये म्हणून एका बाजूला एक मोठे चाक रस्त्यावरून चालायचे. त्यातली एक गाडी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आजही पाहायला मिळते आणि दुरुस्त करून चालतीही ठेवली आहे. मुलांना घेऊन दिल्लीला गेलात तर चुकवू नका.

मुंबईची मोनोरेल त्याहून पुढची. तिथे काँक्रीटची जाड तुळई आहे, गाडी तिच्यावर टांग टाकून बसते आणि बाजूचे टायर तुळईला दोन्हीकडून दाबून धरतात. एकेरी रुळाच्या कोस्टरचे तत्त्व याच जातीचे. फरक इतकाच की चेंबूरला निघालेल्या गाडीला कोणी उलटे करणार नसते, त्यामुळे तिला खालून धरायची गरज पडत नाही. कोस्टरमध्ये खालची चाके अपरिहार्य आहेत. वरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून असा रूळ चाकांच्या मुठीत पूर्ण आवळलेला असतो. गाडी कलंडायची म्हटले तर ही मूठ तरी सुटायला हवी, नाहीतर रूळ स्वतः पिळला जायला हवा.

खरा प्रश्न मग तोलाचा राहत नाही. तो पिळाचा होतो.

रूळ पिळला का जात नाही?

अगरबत्तीचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका घ्या, दोन्ही टोके बंद असलेला. दोन हातांनी टोके धरून टॉवेल पिळतात तसा पिळून बघा. पातळ पुठ्ठा असूनही तो दाद देत नाही. आता त्याची एक लांब कड ब्लेडने टोकापासून टोकापर्यंत चिरा आणि पुन्हा पिळा. तोच पुठ्ठा, तेवढेच वजन, पण आता तो सहज वळतो.

बंद पेटीचा आकार पिळाला भारी पडतो, उघडा आकार शरण जातो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांत हे गणिताने शिकवतात, पण खोका हातात घेतला की जास्त पटते.

एकेरी रूळ त्यामुळे भरीव नसतो, पोलादी प्लेटा जोडून केलेली पोकळ, बंद तुळई असते. तिची रुंदी जेमतेम सव्वा-दीड फूट. दोन नळ्या आणि कणा मिळून जे काम करत, ते ही एक पेटी करते: वजन पेलते, वाकत नाही, पिळली जात नाही, आणि चाकांना चालायला जागाही देते.

हे बनवण्याची युक्ती या कंपनीकडे आधीपासून होती, आणि ती आली जुन्या लाकडी कोस्टरच्या डागडुजीतून. लाकडी कोस्टर काही वर्षांनी खिळखिळ्या होतात आणि बसणाऱ्याची हाडे खुळखुळतात. २०११ मध्ये टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या 'टेक्सास जायंट' या जुन्या लाकडी कोस्टरचा सांगाडा ठेवून वर नवा पोलादी रूळ बसवण्यात आला. तो वाकवलेल्या नळीचा नव्हता. सपाट प्लेटांमधून हवे तसे वळणदार तुकडे कापायचे आणि ते वेल्ड करून रूळ घडवायचा. नळी वाकवताना ती थोडी मागे उसळते, शिवाय आतून ताणली जाते. प्लेट मात्र संगणकाने आखलेल्या रेषेवर नेमकी कापता येते, त्यामुळे अतिशय आवळ पीळ असलेला रूळही रेखीव होतो. अॅलन शिल्की या डिझायनरने या कंपनीच्या कोस्टरना जे चमत्कारिक आकार दिले, त्यांच्या मुळाशी ही कापण्या-जोडण्याची पद्धत आहे. रॅप्टर ही तिचीच पुढची उडी.

मधोमध बसण्याचा हिशेब

आता मुद्द्यावर येऊ. रूळ एकच असला की माणसे शेजारी-शेजारी बसवता येत नाहीत. ती एकामागे एक, रुळाच्या बरोबर वर, पाय दोन बाजूंना सोडून बसतात. ही अडचण वाटते खरी, पण सगळा खेळ तिच्यातच आहे.

कोस्टर स्वतःभोवती गिरकी घेते तेव्हा काय होते, त्याचा ढोबळ हिशेब करू. समजा पूर्ण गिरकीला तीन सेकंद लागतात. चार जणांच्या रांगेत कडेच्या खुर्चीवरचा माणूस मध्यापासून साधारण एक मीटर लांब असतो. त्या तीन सेकंदांत त्याला सहा मीटरहून मोठा फेरा मारावा लागतो. म्हणजे तो सेकंदाला दोन मीटरहून अधिक वेगाने वर फेकला जातो, आणि त्याच क्षणी दुसऱ्या कडेचा तेवढ्याच वेगाने खाली जातो. शिवाय या फिरण्याने दोघांवर बाहेरच्या दिशेने त्यांच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा जोर येतो. एकाच गाडीत, एकाच तिकिटात, दोन वेगळ्या राइड. मध्यावर बसलेल्याला यातले काहीच होत नाही. तो फक्त फिरतो.

डिझायनरला मात्र कडेच्या माणसाचा विचार करूनच वळण आखावे लागते. त्याची मान झटकली जाऊ नये म्हणून गिरकी सावकाश करावी लागते. एकेरी रुळावर कडेचा माणूसच नाही, त्यामुळे गिरकी झटक्यात घेता येते आणि तरीही डोके आपटत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. आधुनिक कोस्टर आखताना गणित रुळाचे न करता बसणाऱ्याच्या छातीचे करतात. आधी छातीचा हवेतला मार्ग ठरवायचा आणि मग रूळ त्याच्याभोवती गुंडाळायचा. याला 'हार्टलाइन' म्हणतात. छाती रुळापासून जितकी दूर, तितका रूळ जास्त लांबून आणि मोठ्या वळणाने फिरवावा लागतो. एकेरी रुळावर माणूस जवळजवळ रुळाला चिकटूनच बसतो. रूळ थोडासा वळवला तरी काम भागते. पोलाद कमी, खांब सुटसुटीत, जागाही कमी. रेलब्लेझर आणि गोल्डन लासो यांची लांबी जेमतेम १,८०० फूट, म्हणजे साडेपाचशे मीटर आहे. तेवढ्यात एक काटकोनी उतार, तीन उलटी वळणे आणि अनेक उंचवटे कोंबलेले आहेत.

बसल्यावर काय होते

साखळीने वर जाताना पहिली जाणीव होते ती समोर काही नसल्याची. नेहमीच्या कोस्टरमध्ये रूळ, आडव्या पट्ट्या आणि शेजाऱ्याचे खांदे दिसत राहतात. इथे पुढच्याचे डोके, आणि दोन्ही गुडघ्यांच्या बाहेर थेट हवा. गोल्डन लासोचे पार्क चुनखडीच्या जुन्या खाणीत वसलेले आहे, त्यामुळे तिथे भोवती खडकाची भिंतही येते.

पहिला उतार सुमारे शंभर फुटांचा. त्याचा वेग शाळेतल्या गणिताने काढता येतो. तीस मीटरवरून काहीही मोकळे सोडले तर ते खाली येईपर्यंत ताशी ८७ किलोमीटरचा वेग गाठते. या दोन्ही कोस्टरचा जाहीर वेग ताशी ५२ मैल, म्हणजे ८४ किलोमीटरच्या आसपास आहे. उरलेला थोडासा वेग हवा आणि चाकांचे घर्षण खाते. इंजिन कुठेच नाही. साखळीने वर नेले, तेवढ्याच शिदोरीवर पुढचा सगळा प्रवास.

मग येतात ते छोटे उंचवटे, आणि माझ्या मते या प्रकारच्या कोस्टरची खरी चव तिथे आहे. आपले नेहमीचे वजन म्हणजे एक 'जी' धरू. उंचवट्याच्या माथ्यावरून वेगाने जाताना शरीर सरळ पुढे जाऊ पाहते आणि गाडी मात्र खाली वळते. समजा माथ्याचे वळण १० मीटर त्रिज्येचे आहे आणि वेग सेकंदाला १२ मीटर. गाडीला रुळावर ठेवण्यासाठी खालच्या दिशेने जेवढी ओढ लागते, ती गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ दीडपट होते. एक पट पृथ्वी देते. उरलेली अर्धी पट मांड्यांवरचा बार देतो, म्हणजे तो आपल्याला वरून खाली दाबतो. आपल्याला वाटते की कोणीतरी खुर्चीतून उचलून आभाळात भिरकावते आहे. पोटात गोळा येतो तो हाच.

उलट्या वळणांत गंमत वेगळी. गाडी उलटी होत असतानाच तिचा मार्ग फेकलेल्या दगडाच्या वाटेसारखा आखला, तर माणूस डोके खाली असूनही पट्ट्यात लोंबकळत नाही, क्षणभर वजनच नाहीसे होते. अशा जागी दोन रुळांच्या गाडीतही छान वाटते. पण कडेला बसलेल्याला ते निर्भेळ मिळत नाही, वर सांगितलेल्या हिशेबामुळे.

एका रुळाला तडा गेला तर?

हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि त्यामागे एक समजूत दडलेली असते: दोन रूळ असले की एक गेला तरी दुसरा वाचवेल. तसे नसते. दोन रुळांच्या कोस्टरमध्ये दुसरा रूळ राखीव नसतो, दोन्ही मिळून एक वाट होते. कुठलाही एक तुटला तरी अनर्थच.

त्यामुळे सुरक्षितता रुळांच्या संख्येवर ठरत नाही. पोलाद वारंवार ताण-सैल होऊन थकते, याचा हिशेब आधीच केलेला असतो. प्लेटांपासून बनवलेल्या रुळात वेल्डचे सांधे लांबच लांब असतात, म्हणून त्यांची तपासणी जास्त काटेकोर लागते, आणि हा या पद्धतीचा खरा खर्च आहे. चालवण्याची पद्धत मात्र इतर कोस्टरसारखीच. संपूर्ण मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा टप्पा मोकळा नसेल तर मागची गाडी आपोआप थांबते. साखळीच्या चढावर गाडी मागे घरंगळू नये म्हणून दातेरी अटकाव असतो. दरवाजे उघडण्याआधी रिकाम्या फेऱ्या मारून बघतात.

एवढी चांगली आहे तर सगळीकडे का नाही?

कारण रांग.

रेलब्लेझरच्या गाडीत आठ जण बसतात. मिनिटाला एक गाडी सुटली तर तासाला ४८० माणसे. चार-चारच्या सात रांगांची गाडी त्याच वेगाने सोडली तर तासाला १,६८०. सुट्टीच्या दिवशी पार्कात वीस-तीस हजार लोक आले असतील, तर आठ जणांची गाडी म्हणजे मागे अक्राळविक्राळ रांग. जर्सी डेव्हिल आणि फ्लाइट ऑफ करेजमध्ये म्हणूनच बारा जणांची गाडी आली. गाडी लांबवणे एवढाच उपाय असतो, रुंद करणे शक्यच नाही.

शिवाय गाडी हलकी. हलक्या गाडीचा वेग हवा आणि घर्षण लवकर खातात, त्यामुळे मार्ग फार लांबवता येत नाही. फ्लाइट ऑफ करेजचा एक किलोमीटर हा या जातीसाठी बराच मोठा पल्ला आहे.

मला तरी वाटते की ही कोस्टर मोठ्या पार्कांत चुकीच्या घरी पडली आहे. जिथे जागा थोडी आणि गर्दीही बेताची, तिथे तिचे सोने होते. आयडाहोमधल्याच 'सिल्व्हरवुड' या पार्काने २०२१ मध्ये 'स्टंट पायलट' नावाने रेलब्लेझरचाच आराखडा उभा केला. तो कारखान्यापासून फार लांब नाही, आणि तिथली गर्दी कॅलिफोर्नियाच्या मानाने सुसह्य आहे. कमी पोलादात एवढी थरारक राइड मिळत असेल, तर अशा पार्कमालकाला हा सौदा पटण्यासारखा आहे.

पुढे बसावे की मागे?

आठच माणसे असली तरी ही गाडी आखूड नसते. एकामागे एक आठ जण म्हणजे लांबी जवळपास आठ रांगांच्या मोठ्या गाडीइतकी, फक्त ती सडपातळ. त्यामुळे पुढच्या आणि शेवटच्या खुर्चीत फरक पडतोच. गाडीचा वेग तिच्या मधल्या भागाच्या उंचीवर ठरतो. पहिला उतार सुरू होतो तेव्हा सगळ्यात पुढचा माणूस माथा ओलांडून खाली डोकावत लटकत राहतो, कारण गाडीचा मागचा भाग अजून वर चढतो आहे. शेवटचा माथ्यावर येतो तेव्हा पुढची सगळी गाडी खाली कोसळत असते, आणि तो अक्षरशः ओढला जातो. उंचवट्यांवर खुर्चीतून उडायचे असेल तर मागे बसा. समोर फक्त ती चिंचोळी पट्टी आणि हवा बघायची असेल तर पुढे. एवढे लक्षात ठेवा की सगळ्यात पुढची खुर्ची दर गाडीला एकच असते. तिच्यासाठी अडून बसलात तर जोडीदाराला दुसऱ्या खुर्चीतून तुमच्या डोक्याची मागची बाजू बघत जावे लागेल, नाहीतर पुढच्या गाडीची वाट पाहावी लागेल.